'सरकारी वकील शेवटी सरकारचाच': एका प्रतिक्रियेला उत्तर

फौजदारी केसमध्ये मोफत वकील कसा मिळवायचा, या लेखाखाली 'एक कोल्हापूरकर' या नावानं प्रतिक्रिया आली आहे: "फुकटचा वकील म्हणजे फुकटची हजेरी. सरकारी वकील शेवटी सरकारचाच. घरात बसून असलं लिहून गोरगरिबांची दिशाभूल करू नका. दाखल्यासाठी हेलपाटे मारून बघा, मग कळेल."

टीकेला माझी ना नाही. पण "घरात बसून" हे कशावरून ठरवलंत? फौजदारी काम हे माझं रोजचं क्षेत्र आहे आणि लेखातली ओळ न् ओळ त्यातूनच आलेली आहे. स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायचं, ही रीत मला पटत नाही. लेखात कलमांचे आकडे जरा जास्त झाले, एवढं मात्र मान्य करतो.

आता तुमचं मधलं वाक्य, 'सरकारी वकील शेवटी सरकारचाच'. ते चूक आहेच, शिवाय त्यानं नुकसान होतं. सरकारी वकील म्हणजे सरकार पक्षातर्फे आरोपीविरुद्ध खटला चालवणारा वकील. तो आरोपीच्या बाजूनं उभा राहूच शकत नाही. मोफत मिळतो तो वकील निराळा. त्याची नेमणूक जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं. आपल्या कोल्हापुरात हे कार्यालय कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात आहे. प्रधान जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात आणि सचिवही न्यायाधीशच असतात. पोलिसांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा त्यात वकील ठरवण्याशी काडीचा संबंध नाही.

2022 च्या योजनेतून आलेली लोकअभिरक्षक कार्यालयं तर फक्त फौजदारी बचावासाठीच आहेत. तिथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खासगी वकिली करता येत नाही. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी वकिलीचा किमान 10 वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयात किमान 30 खटले चालवलेले असणं बंधनकारक आहे. "पैसा सरकारचा म्हणजे माणूस सरकारचा" असं म्हणायचं असेल, तर न्यायाधीशांचा पगारही सरकारी तिजोरीतूनच होतो. मग कोर्टातच जायचं नाही का?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो तो रिमांडच्या वेळी, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे कोर्ट ठरवतं तेव्हा. अटक झाली की 24 तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात. नातेवाईक बाहेर वकिलाच्या फीची जुळवाजुळव करत असतात, आणि आत "वकील आहे का?" या प्रश्नाला आरोपी नुसती मान हलवतो. तिथं त्यानं एवढंच म्हणायचं: "साहेब, मला वकील नाही, मोफत वकील पाहिजे." आणि हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहून घ्यायची विनंती करायची. पहिल्यांदा हजर केल्यापासूनच हा हक्क लागू होतो आणि तो आरोपीला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1980 साली खत्री प्रकरणात सांगितलं. 1986 च्या सुक दास प्रकरणात तर आरोपीला हा हक्क कुणी सांगितलाच नव्हता म्हणून शिक्षा रद्द झाली. त्यानं अर्ज केला नव्हता, ही सबब चालली नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचं म्हणाल, तर आधी कायदा वाचा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांनाही नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. त्यासाठी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, असं 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 13 मध्येच लिहिलं आहे. त्यावर अविश्वास ठेवायला कारण असलं तरच प्रश्न. कळंबा जेलमधल्या कैद्याला तुरुंगातूनच अर्ज देता येतो. तालुक्याच्या माणसाला बावड्याला यायचीही गरज नाही, तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर विधी सेवेची हेल्पलाइन 15100.

वकील नुसतीच हजेरी लावतो, ही तक्रार राहिली. तसे वकील असतात, फी घेणाऱ्यांतही असतात. त्यावर उपाय आहे तो करा: केस नंबर, वकील न आलेल्या तारखा आणि कोणत्या साक्षीदाराचा उलटतपास झाला नाही, हे लिहून प्राधिकरणाच्या सचिवांकडं अर्ज द्या आणि वकील बदलून मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कुणी टायपिंग, झेरॉक्स म्हणून पैसे मागितले तर तेही त्यात लिहा, या मोफत वकिलांना पक्षकाराकडून काहीही घ्यायची परवानगी नाही. आधी खासगी वकील दिला असेल तर त्यांची वकीलपत्रावर ना-हरकत घ्या. बरीच प्रकरणं याच एका सहीपायी रखडतात. ते देत नसतील तर थेट कोर्टात अर्ज करा.

"ओळख असल्याशिवाय काही होत नाही" वगैरे तुम्ही पुढं जे लिहिलंय, त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पण ती वाचून उद्या कुणी रिमांडच्या दिवशी वकील मागायचा राहिला, तर त्याच्या घरच्यांना काय सांगायचं, ते तुम्हीच इथं लिहा. या वेळी नावानिशी.