राहतो त्याला विचारा

दादाला फोन केला की वेगळ्या विदर्भावरून वाद ठरलेला. आम्ही मूळचे यवतमाळचे. दादा गेली वीस वर्षं पुण्यात, मी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात. "संयुक्त महाराष्ट्रासाठी लोकांनी जीव दिलाय, आता तो तोडायचा?" हे त्याचं म्हणणं. त्यामागची तळमळ मला कळते. पण फोन ठेवला की मला २०१४ चा सप्टेंबर आठवतो.

ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, यावर १८ सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये सार्वमत होतं आणि माझा पासपोर्ट भारतीय असूनही मतदार यादीत माझं नाव होतं. राष्ट्रकुल देशांतले जे लोक इथे रीतसर राहतात, त्यांना मत होतं. सोळा वर्षांच्या मुलांनाही होतं. शेजारच्या आजींचा मुलगा मात्र लंडनला नोकरीला. जन्म डंडीतला, पण त्याला मत नाही. आजींना ते फार लागलं होतं. मला मात्र तो नियम तेव्हाही पटला, आजही पटतो. परिणाम ज्याला भोगायचे, त्यानेच ठरवावं.

शाळेच्या हॉलमध्ये मतदान. दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि मतपत्रिकेवर एकच प्रश्न: स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? सरकारने आधी ‘असावा, याला तुमची सहमती आहे का?’ असं लिहिलं होतं. अशाने लोक होकाराकडे झुकतील म्हणून निवडणूक आयोगाने ते बदलायला सांगितलं. प्रश्न विचारतानाही एवढी काळजी! मी ‘नाही’वर फुली मारली. पौंड राहणार की जाणार, याचं उत्तर मला कुणाकडून नीट मिळालं नव्हतं.

८४.६ टक्के मतदान झालं. आमच्या डंडीने ५७ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं, देशाने ५५ टक्क्यांनी ‘नाही’. सकाळी आजी खिडकीतलं निळं ‘येस’चं पोस्टर काढत होत्या, डोळे सुजलेले. मी कसं मत दिलं ते त्यांना ठाऊक होतं. तरी आत बोलावून चहा दिला.

आपल्याकडे असं झालंच नाही असं नाही. महाराष्ट्रात यायचं का, हे १९६७ मध्ये गोव्याला विचारलं. त्यांनी ३४,०२१ च्या फरकाने नको म्हटलं आणि आपण ते मानलं. विदर्भाचं वेगळं राज्य करा, असं राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच सुचवलं होतं. तिथल्या लोकांचं मत मात्र असं कधी घेतलं नाही.

उद्या घेतलं, तर दादाचं आणि माझं त्यात धरू नये. काका-काकू अजून यवतमाळलाच आहेत, त्यांचं धरावं.