‘घरच्या मळ्यातली वाइन म्हणजे बिनऔषधाची’: या मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

वाइनबद्दलचा एक मेसेज बराच फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: पिढीजात कुटुंबाचा छोटा मळा असेल तर तिथे फवारणी होत नाही. ओळींच्या टोकांना लावलेले गुलाब रोगाची आगाऊ खबर देतात. वाइनमध्ये सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात ते गंधकाचं संयुग) नसतं, त्यामुळे डोकं दुखत नाही. वेलींना पाणी देत नाहीत आणि सगळी तोडणी हाताने होते. मळा कुणाच्या मालकीचा आहे यावरून फवारणीच्या टाकीत काय आहे हे कळत नाही, ही या मेसेजची मुळातली अडचण.

सुरुवात फवारणीपासून. वाइनचे जवळपास सगळे नावाजलेले वाण व्हिटिस व्हिनिफेरा या प्रजातीचे. केवडा (डाउनी मिल्ड्यू) आणि भुरी (पावडरी मिल्ड्यू) हे वेलीचे दोन्ही रोग 19व्या शतकात अमेरिकेतून युरोपात पोचले. त्यांच्याशी झुंजायची ताकद या प्रजातीत जवळजवळ नाही. ओल्या हंगामात काहीच मारलं नाही, तर घड फुलोऱ्यातच जातात. रोगप्रतिकारक संकरित वाण लावले तर फवारण्या खूप कमी होतात, पण ते वाण बहुतेक मळ्यांत नाहीत. सेंद्रिय मळेही फवारतात, फक्त औषधं वेगळी: तांबं आणि गंधक.

तांब्याचं नेहमीचं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. 1 टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), साधारण तेवढाच चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवायचे, मग एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर चढला, तर मोकळं तांबं उरलं आहे. तसंच मारलं तर कोवळी पानं करपतात, म्हणून आणखी चुना घालायचा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

आता हिशेब करा. मोरचुदात सुमारे 25 टक्के तांबं असतं. हेक्टरी 1000 लिटर मिश्रण मारलं की एका फवारणीत 2.5 किलो तांबं गेलं. युरोपीय संघाची मर्यादा 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 4. पूर्ण तीव्रतेच्या दोन फवारण्यांतच ही वर्षाची सरासरी ओलांडते. म्हणून जाणते लोक पातळ मात्रा वापरतात आणि वेळ साधतात. तांबं कुजत नाही, मातीच्या वरच्या थरात साचत राहतं आणि गांडुळांना बाधतं. ‘नैसर्गिक’ या शब्दाने ते हलकं होत नाही.

वेळ साधणं मात्र खरंच महत्त्वाचं. तांबं पानावरच राहतं, आत शिरत नाही. 20-25 मिलिमीटर पाऊस झाला की ते धुऊन जातं आणि फवारणीनंतर फुटलेल्या पानावर ते मुळातच नसतं. रोग दिसल्यावर मारून फायदा नाही, पावसाआधीच मारावं लागतं. इथे छोट्या मळ्याला खरा फायदा मिळतो, कारण सगळा मळा एका सकाळी उरकतो. अर्थात ट्रॅक्टर एकच असेल आणि नेमका तोच बंद पडला, तर हाच फायदा उलटतो.

भुरीवरच्या गंधकाचीही पथ्यं आहेत. 32-35 अंशांच्या वर ते पानं आणि मणी भाजतं. तोडणीच्या आधी पाच आठवड्यांच्या आत मारलं, तर उरलेल्या गंधकापासून यीस्ट हायड्रोजन सल्फाइड तयार करतं आणि वाइनच्या टाकीला सडक्या अंड्यांचा वास येतो.

गुलाबाची गोष्ट कानाला गोड लागते, पण टिकत नाही. गुलाबावरची भुरी पोडोस्फेरा या बुरशीची आणि द्राक्षावरची एरिसायफी नेकेटर या बुरशीची. एक दुसऱ्या झाडावर जात नाही. हवामान दोघींना मानवणारं असेल तर दोन्हीकडे भुरी दिसेल, एवढंच. गुलाबावर विसंबण्यापेक्षा वेलीच्या आतल्या, सावलीतल्या पानांची खालची बाजू बघावी.

सल्फाइट शून्य असलेली वाइन जवळपास नसतेच, कारण आंबताना यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की युरोपात लेबलवर लिहावं लागतं. तिथे कोरड्या रेड वाइनला 150 आणि व्हाइटला 200 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. डोकेदुखीचा दोष सल्फाइटला देणारे बहुधा रेडबद्दल तक्रार करतात, पण जास्त सल्फाइट सहसा व्हाइटमध्ये असतं! दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट खरोखर बाधतं, तो प्रश्न वेगळा. बाकीच्यांनी आधी अल्कोहोलकडे बघावं.

सल्फाइट किती लागतं हे पीएच ठरवतो (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). सल्फाइट मोजतात सल्फर डायऑक्साइडच्या रूपात: कशाशी बांधला न गेलेला तो ‘मुक्त’ आणि त्यातला जंतूंवर प्रत्यक्ष काम करणारा अंश ‘आण्विक’. जंतूंना रोखायला लिटरमागे 0.8 मिलिग्रॅम आण्विक सल्फर डायऑक्साइड हवा असेल, तर पीएच 3.2 ला साधारण 21 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. पीएच 3.6 ला 50 लागतो. म्हणजे ‘कमी सल्फाइट’ची तयारी मळ्यातच होते: आम्ल टिकून असताना तोडणी आणि कुजका माल बाहेर. फार पिकलेली द्राक्षं आणून सल्फाइटही टाळलं, तर व्हिनेगरचा नाहीतर तबेल्याचा वास ठरलेला.

पाण्याचा ताण फळधारणेनंतर बेताने दिला तर मणी लहान राहतात आणि रंग दाटतो, इथपर्यंत खरं. तोच ताण पिकताना वाढला तर पानं काम थांबवतात, मणी सुकतात आणि साखर पिकण्याने न वाढता नुसती आटून वाढते. उथळ, मुरमाड जमिनीत पाणी न देणं म्हणजे पीक घालवणं.

हाताने तोडणीचा मुद्दा मात्र बराचसा रास्त आहे. कुजका घड जागेवरच वेगळा काढता येतो आणि अख्खे घड दाबायचे असतील तर दुसरा मार्ग नाही. पण क्रेट उथळ हवेत आणि तोडणी ऊन चढायच्या आत थांबायला हवी. दुपारपर्यंत बांधावर तापलेल्या क्रेटमधल्या मालापेक्षा रात्री मशीनने तोडलेला थंड माल बरा.