मीटिंगला जाताना कोणी पाहिले तर? एका प्रतिक्रियेला उत्तर

सन्माननीय वाचक,

दारू सोडू इच्छिणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीची मीटिंग कशी शोधावी, यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड लिहिलेत, त्याबद्दल आभार. व्यसन हा आजार असेल तर माणसाला डॉक्टरकडे न्यावे, मीटिंगला कशासाठी, हा आपला पहिला आक्षेप. या मीटिंगा चर्चच्या आवारात भरतात आणि तेथे प्रार्थना होते, हा दुसरा. तिसरा असा की, ज्या गोव्यात आडनाव सांगितले की वाडा, म्हणजे गावातली वस्ती, कळतो, तेथे नाव गुप्त राहते असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. आपल्या मेहुण्यांना आपण तेथे पाठवणार नाही, असेही आपण लिहिलेत.

पहिल्या आक्षेपाने माझ्या लेखातील खरा दोष दाखवला आहे. जो माणूस वर्षानुवर्षे सकाळपासून पीत आला आहे, त्याने एकाएकी दारू बंद केली तर प्रकरण हातांची थरथर, घाम आणि उलट्या यांवरच थांबेल असे नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊन जिवावरही बेतू शकते. अशा माणसाला आधी बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात दाखवावे, हे वाक्य लेखाच्या आरंभी हवे होते. ते नव्हते, ही माझी चूक.

परंतु औषधोपचाराने शरीर सावरले तरी संध्याकाळचे सात वाजायचे थांबत नाहीत. माझे थोरले बंधू तीन वेळा उपचार घेऊन घरी आले आणि तिन्ही वेळा, काजूचा हंगाम लागून ओळखीच्या भट्टीवरून हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, येऊ लागली की, पुन्हा प्यायला बसले. चौथ्या वेळी डॉक्टरांनीच मीटिंगचे नाव काढले. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यातही माणसाला या मीटिंगांशी जोडून देणारे उपचार इतर प्रचलित उपचारांच्या तोडीचे, आणि दारू पूर्णपणे बंद ठेवण्याच्या बाबतीत सरस आढळले आहेत. ज्यांचे पिणे घातक झाले आहे पण अजून शरीर दारूवर अवलंबून नाही, त्यांच्यासाठी मीटिंगखेरीज दुसरी वाटही आहे: आपल्या गोव्यातीलच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी केलेल्या थोडक्या भेटींचा उपयोग होतो, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

चर्चविषयी थोडक्यात. 1935 साली अमेरिकेत ही चळवळ सुरू झाली तेव्हा तिची मुळे ख्रिस्ती वातावरणात होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी तिने आखलेल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, मात्र 'आपल्याला उमगेल तसा देव' असा. हॉल चर्चचा असला तरी मीटिंग चर्चची नसते; समूह बाहेरची देणगी घेत नाही, आणि हॉलचे भाडे व चहाचा खर्च सभासद शेवटी फिरणाऱ्या डब्यात टाकतात त्या दहा-वीस रुपयांतून निघतो. आमचे बंधू कवळ्याच्या शांतादुर्गेची जत्रा चुकवत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी ते देवीला आठवतात, आणि शेजारचे गृहस्थ नुसतेच उभे राहतात.

आता नावाविषयी, कारण खरी भीती तीच आहे आणि ती आम्हालाही होती. पहिल्या संध्याकाळी बंधू फाटकाबाहेर स्कूटरवरच बसून राहिले, हेल्मेट डोक्यावर तसेच. ती खुली मीटिंग होती, म्हणून मलाही आत जाता आले; बंद मीटिंगला फक्त ज्यांना दारू सोडायची इच्छा आहे तेच बसतात. आत प्लास्टिकच्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या, आणि दुसऱ्याच खुर्चीवर आमच्याच वाड्यावरचे, रोज दिसणारे एक गृहस्थ बसले होते. बंधूंचा चेहरा उतरला. त्या गृहस्थांनी फक्त थोडे सरकून शेजारची खुर्ची पुढे केली. दुसऱ्या दिवशी बाजारात ते भेटले तेव्हा त्यांनी नारळाचा भाव विचारला, आणि आजतागायत त्या खोलीबाहेर त्यांनी तो विषय काढलेला नाही; त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हालाही नाही. वाड्यावर जे आधीच ठाऊक होते, ते बंधूंचे पिणे होते. भरदिवसा तावेर्नातून, म्हणजे दारूच्या गुत्त्यातून, उतरताना त्यांना सगळ्यांनीच पाहिले होते आणि त्याची लाज आमच्या घरात कोणालाही स्कूटर लांब लावण्याइतकी वाटली नव्हती, हे मी जरा कडवटपणेच नोंदवतो. तरीही संकोच असेल तर दुसऱ्या तालुक्यातील मीटिंग धरावी; फोंड्याची माणसे मडगावला जातात. निघण्यापूर्वी फोन करून मीटिंग खुली आहे की बंद, आणि बोलणे कोंकणीत चालते की इंग्रजीत, हे विचारून घ्यावे. सांगितले तर एखादा सभासद बसस्टँडवर उभा राहतो.

मेहुण्यांना पाठवू नका, हे मीही म्हणेन; पाठवलेला माणूस पहिल्या चहानंतर उठतो, असा आमचा अनुभव आहे. मात्र आपल्या प्रतिक्रियेतील अर्धा मजकूर आपल्या बहिणीच्या झोपेविषयी आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-ॲनॉन हा वेगळा समूह 1951 पासून आहे, आणि तेथे जाण्यासाठी मेहुण्यांनी दारू सोडलेली असण्याची, किंवा त्यांना विचारण्याचीही, गरज नसते. बहिणीला तेथे घेऊन जाण्यास आपण तयार असाल तर मला कळवावे. पहिल्या दिवशी माझी पत्नी सोबत येईल.

आपला,
लेखक