खुलासा : तीस वर्षांचे युद्ध ‘कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट’ एवढेच नव्हते

‘१६१८ ते १६४८ च्या युद्धात युरोपातले सगळे कॅथलिक एका बाजूला आणि सगळे प्रोटेस्टंट दुसऱ्या बाजूला होते,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

जानेवारी १६३१ मधला बेअरवाल्डेचा करारच पाहा. कॅथलिक फ्रान्सने लुथरपंथी (म्हणजे प्रोटेस्टंट) स्वीडनला वर्षाला दहा लाख लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) द्यायचे कबूल केले. बदल्यात राजा गुस्ताव अडोल्फने जर्मनीत ३०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ उभे ठेवायचे, तेही जर्मन राज्यांवरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटाविरुद्ध! फ्रान्सची सूत्रे हलवणारा रिशल्यू स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधला बडा धर्माधिकारी होता, आणि त्यानेच १६२८ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंटांचे ला रोशेल बंदर वेढा घालून घेतले होते. १६३५ मध्ये फ्रान्स थेट कॅथलिक स्पेनवर उलटला. त्याच वर्षी सॅक्सनी या लुथरपंथी जर्मन राज्याने सम्राटाशी प्रागला तह केला.

मात्र ‘धर्म हे निव्वळ निमित्त होते’ हे दुसरे टोकही मला मान्य नाही. १५५२ नंतर प्रोटेस्टंटांकडे गेलेल्या चर्चच्या जमिनी सम्राट दुसऱ्या फर्डिनंडने १६२९ च्या फर्मानाने परत मागितल्या, तेव्हा तोवर त्याच्याशी जमवून घेणारे लुथरपंथी राजेही बिथरले.