आपल्याच माणसाला व्हिक्टोरियन घर कसं विकावं

लंडनमधलं तुमचं व्हिक्टोरियन घर विकायला काढलंय? अभिनंदन! राणी १९०१ साली गेली, पण तिच्या नावावर अजून लाखाला लाख चढतात. तेव्हा संधी दवडू नका. गेल्या महिन्यात टूटिंगमधल्या एका 'प्रेमाने रिस्टोअर केलेल्या' घराच्या मालकांनी ही विद्या मला शिकवली. मालक आपलेच, अस्सल मराठी. गुरुदक्षिणा मी भरून आलोय, तुम्ही ज्ञान फुकटात घ्या.

पहिलं काम रंगाचं. घर दाखवायच्या आदल्या आठवड्यात सगळीकडे पांढरा प्लास्टिक पेंट मारून घ्या. या घरांच्या भिंती नऊ इंची आणि भरीव, मधे पोकळी नाही, विटांच्या दरजा चुन्याने भरलेल्या. पाऊस पडला की ओल आत येते आणि हवा लागली की बाहेर जाते. शंभरेक वर्षं हे असंच चाललंय. तुम्ही बाहेरून दरजांत सिमेंट भरा, आतून पेंट मारा, म्हणजे ओल जाईल कुठे? कुठेच नाही, विकत घेणाऱ्याला मिळेल. बे-विंडोच्या, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या मोठ्या खिडकीच्या, खाली मी सहज अंगठा दाबला तर रंग टम्म फुगलेल्या पुरीसारखा आत गेला. मालकीणबाई लगेच म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या उघडून दाखवू नका. रंगाने चिकटल्यात, हे चारचौघांत कशाला?

मागच्या अंगणात छान फरशी घाला आणि ती चांगली उंच घ्या. भिंतीच्या पायथ्याशी ज्या जाळीच्या विटा असतात, त्या लाकडी जमिनीखाली वारा खेळावा म्हणून असतात. त्या फरशीखाली गाडल्या गेल्या की तुळया कुजायला मोकळ्या. पण फोटोत फरशी काय सुरेख दिसते! वर दोन कुंड्या ठेवा.

'चैतन्यमय परिसर' असं जाहिरातीत जरूर लिहा आणि घर रविवारी सकाळी दहाला दाखवा. परिसर तेव्हा झोपलेला असतो. शुक्रवार-शनिवार रात्रभर नॉर्दर्न लाइनची मेट्रो चालू असते, ही सोय म्हणून सांगा. स्टेशनवरून गात परतणारी मंडळी तुमच्याच गल्लीतून जातात, ते सांगायचं कारण नाही.

आता चिमणीकडे वळू. इथे खरी प्रतिभा लागते. तळमजल्यावर शेकोटीचा जो विटांचा भाग भिंतीतून पुढे येतो, तो तोडून टाका. तेवढाच डायनिंग टेबल मोठा बसतो. वरच्या बेडरूममधला भाग आणि छपरावरची चिमणी तशीच राहू द्या. त्या विटांना खालून आधार काय, असं कुणी विचारलं तर हसा. लोखंडी तुळई घातली का? "बिल्डर चांगला होता." काम नियमात बसतं असं कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, बिल्डिंग कंट्रोलचं सर्टिफिकेट? "शोधावं लागेल." भिंत सामाईक आहे, १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला नोटीस दिली होती? "ते लोक फार चांगले आहेत हो." मग तुमचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, तोडगा काढणार: सर्टिफिकेट नाही ना, इंडेम्निटी इन्शुरन्स घेऊ. म्हणजे उद्या कौन्सिलने कारवाई केली तर विमा कंपनी खर्च देईल. चिमणी डोक्यात पडली तर तो घर घेणाऱ्याचा प्रश्न. आणि अट अशी की कौन्सिलला फोन करून विचारायचं नाही, विचारलंत तर विमा बाद! डोक्यावर टनभर विटा लटकताहेत की नाही, हे ज्याला कळू शकतं नेमकं त्यालाच विचारायचं नाही. ही कसली व्यवस्था? आणि मालक मला समजावतात, "इतके कशाला खोलात जाता, सगळेच घेतात." सगळेच घेतात! त्या डायनिंग टेबलाशी बसून स्वतः जेवता ना तुम्ही? वर बघवतं कसं?

असो. सल्ल्याकडे येतो.

विकणाऱ्याने घराबद्दल भरून द्यायच्या माहितीच्या फॉर्मवर 'माहीत नाही' हा शब्द मुक्तहस्ते वापरा.

शेवटचा धडा सगळ्यात मोलाचा. ग्राहक मराठी असला तर त्याला सांगा, "आम्हाला घर आपल्या माणसालाच द्यायचंय." ऑफर स्वीकारा, पेढा द्या. त्याला लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सखोल तपासणी, करू द्या, सॉलिसिटर लावू द्या, सर्चेसचे, म्हणजे सरकारदरबारी घराची माहिती काढण्याचे, पैसे भरू द्या. इंग्लंडात कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज होईपर्यंत, म्हणजे सह्या केलेले करार एकमेकांना देईपर्यंत, दोन्ही बाजू मोकळ्या असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मग एक्स्चेंजच्या तोंडावर एजंटकरवी निरोप पाठवा: जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक आलंय, तुम्ही वाढवताय का?

मी वाढवले नाहीत. सर्व्हेच्या खर्चाबद्दल फोन केला तर उत्तर मिळालं, "इथे असंच असतं."

इथे असंच असतं, मालक? स्कॉटलंडमध्ये २००८ पासून विकणाऱ्यालाच आधी घराचा रिपोर्ट करून ठेवावा लागतो. इथे कायदा तशी सक्ती करत नाही, म्हणून स्वतःहून ओल दाखवायला तुमचे हात कुणी बांधलेत? सर्व्हेअरच्या चाळीस पानी रिपोर्टातले फोटो मी तुम्हाला पाठवले होते. ते एजंटला दिलेत? नव्या गिऱ्हाइकाला दाखवलेत? त्या बे-विंडोच्या खोलीत उद्या कुणाचं तरी तान्हं पोर झोपणार आहे. घर जास्त पैशाला विका, माझं काही म्हणणं नाही, तुमचं घर आहे. पण शब्द देऊन फिरायचं असेल तर पेढा देऊ नका. आणि त्या नव्या माणसाला आजच्या आज फोन करून सांगा की चिमणीखाली आधार आहे की नाही ते तुम्हालाही माहीत नाही.