काफ्काचा तो मेसेज पुढे पाठवू नका
भाच्याने स्टेटसला तो फिरणारा मेसेज ठेवलाय, लेखक फ्रान्झ काफ्का म्हणजे प्रागमधला फालतू कारकून, जिवंतपणी एक ओळ छापून आली नाही, शेवटी उपाशी मेला, आणि बाहुली हरवलेल्या एका मुलीला लिहून गेला की जे आवडतं ते हरवतंच पण प्रेम वेगळ्या रूपात परत येतं. पोरगा स्वतः कथा लिहितो आणि आता नोकरी सोडायच्या गोष्टी करतोय, म्हणून डोकं फिरलं.

एक ओळ छापली नाही हे धडधडीत खोटं. पहिलं पुस्तक १९१२ च्या शेवटी आलं, ‘मेटामॉर्फोसिस’ १९१५ ला. त्याच वर्षी कार्ल श्टेर्नहाइम या जर्मन लेखकाला फोंटाने हा साहित्य पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची रक्कम काफ्काला दिली गेली. तिन्ही कादंबऱ्या मात्र तो गेल्यावर त्याचा मित्र मॅक्स ब्रोडने छापल्या, तेवढं मान्य.

पण फालतू कारकून? अरे, कायद्यात डॉक्टरेट होती त्याची! १९०८ ते १९२२ कामगार अपघात विमा संस्थेत होता, बढत्या मिळाल्या, पेन्शन घेऊन बाहेर पडला. तेव्हा रंधा मशीनचा पात्यांचा दांडा चौकोनी असायचा, त्यामुळे पातं आणि टेबल यांच्यात फट राहायची, लाकूड जरा उसळलं की हात सरळ त्या फटीत आणि बोटं गेली. काफ्काने १९१० साली हे चित्रांसकट मांडलं, बोटं तुटलेले हात काढून दाखवले आणि गोल दांडे बसवा म्हणून कारखानदारांच्या मागे लागला. डायरीत ऑफिसला शिव्या आहेत, भरपूर आहेत, पण काम चोख करायचा, इतकं की महायुद्धात ऑफिसने हा माणूस आम्हाला हवाच म्हणून लष्कराकडून त्याला मागून घेतलं. राइनर श्टाखचं तीन खंडांचं चरित्र आहे, त्यात हे सगळं सविस्तर आहे, फॉरवर्ड करायच्या आधी निदान चाळा तरी.

उपाशी मेला यात अर्धं खरं आहे. घशाचा टीबी होता, गिळता येत नव्हतं, १९२४ च्या जूनमध्ये व्हिएन्नाजवळच्या सॅनेटोरियममध्ये वारला. बर्लिनच्या महागाईत पैशांची ओढाताण झालीच होती. पण तो आजार होता रे, लेखक व्हायची फी नव्हती, आणि तशा अवस्थेतही पुढच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होता!

बाहुलीची गोष्ट डोरा डायमंटच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांत त्याच्यासोबत राहणाऱ्या प्रेयसीच्या, आठवणीतली. त्या मुलीला लिहिलेली पत्रं आजवर मिळालेली नाहीत, ती मुलगीही सापडली नाही. आणि डोराने सांगितलेल्या गोष्टीत शेवटी बाहुलीचं लग्न होतं. प्रेम परत येतं वगैरे वाक्य मागाहून कुणीतरी चिकटवलंय.