"मग काय ठरलं?" या प्रश्नाबद्दल थोडं

मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे. लवकर सापडलाय, पहिल्या टप्प्यातला आहे. ओळखीच्या बऱ्याच जणांना कळलंय, उरलेल्यांना कुजबुजीतून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

गेले काही आठवडे सगळे एकच विचारतात, "मग काय ठरलं?" अजून नाही ठरलं म्हटलं की चेहरे बदलतात. डॉक्टरांना काही समजत नाहीये, किंवा आम्ही काहीतरी लपवतोय, असं लोकांना वाटतं. हा गैरसमज माझ्यासारख्या किती बायकांना घाईच्या ऑपरेशनकडे ढकलत असेल याची मला आता कल्पना आलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात अशी झाली. पाळी नसताना अधूनमधून लाल जायचं, संबंधानंतर तर हमखास. आधी "चाळिशीनंतर होतं असं" हे ऐकून घेतलं, मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशींची तपासणी) केली, एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली, दुर्बिणीतून बघून तुकडा काढला. तुकड्याच्या रिपोर्टवर कॅन्सर असं आलं. तोवर मला वाटायचं, आता लगेच ऑपरेशनची तारीख मिळेल.

तसं होत नाही. हा कॅन्सर नेमका कुठवर पोचलाय हे कळल्याशिवाय उपचार ठरवता येत नाही, आणि ते कळायला वेळ लागतो. आमच्या गावाकडच्या सेंटरवर एमआरआय काढला. त्यात गाठ १.८ सेंटिमीटर आली, पण खाली एक ओळ होती: डाव्या बाजूचं पॅरामेट्रियम संशयास्पद. गर्भाशयाच्या मुखाला लागून दोन्ही बाजूंना जो मऊ भाग असतो तो. या एका ओळीने सगळं फिरलं. कॅन्सर तिथे गेला असेल तर तो दुसऱ्या टप्प्यातला धरतात, आणि मग सहसा ऑपरेशन करत नाहीत. साधारण पाच आठवडे रोज शेक (म्हणजे बाहेरून रेडिएशन), आठवड्यातून एकदा केमो, आणि शेवटी आतून रेडिएशन.

मुंबईतल्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तीच सीडी पुन्हा वाचली गेली. तिथल्या मॅडमनी हाताने तपासलं, भूल देऊन पुन्हा एकदा नीट तपासलं. बाजूचा भाग मोकळा आहे असं ठरलं. पण त्यांच्या मोजमापात गाठ २.२ सेंटिमीटर निघाली.

१.८ आणि २.२ मध्ये काय एवढं, असं भावानेही विचारलं. त्यात बरंच काही आहे. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि फार खोल न गेलेली, अशा ७०० बायकांपैकी निम्म्यांची नुसती गर्भाशयाची पिशवी काढली, निम्म्यांची आजूबाजूच्या भागासकट. तीन वर्षांत ओटीपोटात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, अडीच टक्क्यांच्या आसपास. साध्या ऑपरेशनमध्ये लघवीचे त्रास मात्र कमी. म्हणजे गाठ १.८ ची असती तर मला कदाचित लहान ऑपरेशन पुरलं असतं. २.२ असेल तर मोठं. हे चार मिलिमीटर कोणी अंदाजाने ठरवावेत अशी माझी अजिबात इच्छा नाही. त्यासाठी थांबावं लागलं तर मी थांबणार.

दुर्बिणीचंही तसंच. एका ठिकाणी सांगितलं, छोटी छिद्रं पाडून करू, चौथ्या दिवशी घरी. ऐकायला किती छान. मुंबईच्या मॅडम म्हणाल्या, पोट उघडूनच करायचं. नवरा गोंधळला, नवं तंत्र सोडून जुनं कशाला? त्याला मी २०१८ च्या अभ्यासाचं सांगितलं, जो मॅडमनी मला समजावला होता. जगभरातल्या ६३१ बायका होत्या त्यात. साडेचार वर्षांनंतर कॅन्सर न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीतून केलेल्यांत ८६ टक्के. सगळ्यांची अपेक्षा होती दोन्ही सारखंच निघेल, आणि निघालं हे. म्हणून आता या कॅन्सरसाठी पिशवी आजूबाजूच्या भागासकट काढायची असेल तर पोट उघडून करणंच योग्य मानतात. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा त्यातला एक खोटारडाच असतो असं नाही, पण "का?" हे दोघांनाही विचारलं पाहिजे. नीट कारण जो देईल त्याच्याकडे मी जाईन.

आता सर्वांत जास्त ऐकलेल्या सल्ल्याकडे येते. "पिशवी काढून टाका आधी, मग बाकीचं बघू." सासूबाई मायेने म्हणाल्या, "दोन लेकरं झाली, आता काय करायचीय ती ठेवून?" मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, "आई, कॅन्सर बाजूला गेला असेल तर नुसती पिशवी काढून तो जात नाही. वर ऑपरेशन आणि शेक दोन्ही सोसावं लागतं, आणि दोन्हीचा त्रास एकावर एक चढतो. मूत्राशय, आतडी, पायांची सूज, सगळंच." त्यांना पटलं. पण हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज का दिला जातो? बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, त्यातल्या कित्येकींना कॅन्सरची भीती घालून, हे २०१९ मध्ये उघड झालं तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. ज्यांना कॅन्सर नव्हता त्यांच्या पिशव्या घाईने काढल्या, आणि ज्यांना आहे त्यांनाही तीच घाई. बाईच्या पोटातला अवयव मुलं झाल्यावर बिनकामाचा, ही समजूत दोन्हीच्या मुळाशी आहे आणि तिचा मला मनापासून राग आहे.

राग येण्याजोगी अजून एक गोष्ट. एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर माझा रिपोर्ट हातात घेऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यांना जरा बाहेर बसवा, आपण बोलू." मी उठले नाही. म्हटलं, "डॉक्टर, रिपोर्ट माझा आहे, मला सांगा." ते बोलले मग, पण सगळं नवऱ्याकडे बघूनच. याउलट मुंबईच्या मॅडमनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला, पेनाने गर्भाशय काढलं, मुखावर एक ठिपका दिला, दोन्ही बाजूंना बीजांडकोश काढले आणि मला विचारलं, "हे ठेवायचे आहेत का तुम्हाला? तुमच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये ठेवता येतात." मी ४३ वर्षांची आहे. बीजांडकोश काढल्याने रजोनिवृत्ती एकाएकी आली तर हाडं, झोप, मूड या सगळ्यावर परिणाम होणार. हा प्रश्न माझ्याखेरीज कोणाला विचारता आला असता? तो कागद मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय.

नवऱ्याबद्दलही लिहिते, त्याला विचारूनच. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि तो संबंधांतून येतो, हे कळल्यावर लोकांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. माझ्याकडेही वळल्या. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्यात टिकून राहतो, आणि त्याचा कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागू शकतात. कुठून आला, केव्हा आला, हे कोणालाच सांगता येणार नाही. आमच्या घरात यावर एकदा बोलणं झालं, रडणं झालं आणि विषय संपला. बाकीच्यांनीही संपवावा.

भीती वाटते का? रात्री वाटते. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार कॅन्सर गर्भाशयाबाहेर पसरायच्या आत सापडलेल्या दहापैकी नऊ बायका पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. हे मला पाठ आहे, आणि उरलेल्या एकीचा विचार तरीही येतो. त्या वेळी मला "पॉझिटिव्ह राहा" नको असतं. बहीण फोनवर नुसती "हं, बोल" म्हणते, तेवढं पुरतं.

आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो, आणि बऱ्याचजणी उशिरा पोचतात. हे टाळता येतं हे आपल्याच मातीत सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने, एक लाख तीस हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायका आता आजी झाल्या असतील, त्यांचे आभार मानावेसे वाटतात. लसही आहे, पुण्यात बनते. माझ्या मुलीला दिली, मुलालाही देणार आहे.

एवढं मात्र आता ठरलंय: माझं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. पोट उघडून, बीजांडकोश ठेवून. काढलेला भाग आणि लसिकाग्रंथी तपासायला जातील आणि शेक लागणार की नाही हे त्या रिपोर्टवर कळेल. म्हणजे घरी आल्यावरही "काय ठरलं?"ला उत्तर नसेलच. लघवीची नळी काही दिवस राहील, तेव्हा हॉस्पिटलात गर्दी नको, घरी आल्यावर या. डबा चालेल, तिखट कमी. आणि तिशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो, येण्याआधी तपासणी करून या. सरकारी दवाखान्यातही होते. जाऊबाईंची आणि नणंदेची झालीय, दोघींचेही रिपोर्ट चांगले आलेत.